बर्फीची नोंदवही

(पोस्टकार्ड)
बोनकोडे गाव, कोपरखैरणे, नवी मुंबई
१२ नोव्हेंबर १९९७

सौ. शालन हिला,

कार्डावर जागा कमी, म्हणून आशीर्वाद थोडक्यात: पुष्कळ.

सुखरूप पोचलो. धनाजी उजाडायच्या आत भाजी मार्केटात गाळ्यावर जातो, सूनबाई शाळेत शिकवायला जाते. तेजूची शाळा सुटली की घरात कुणीतरी मोठं माणूस हवं, तेवढंच माझं काम. बाकी वेळ मी आणि एक जनावर. तेजूचा वर्गात दुसरा नंबर आला म्हणून धनाजीने तिला गिनीपिग आणून दिलाय. ससा म्हणावं तर कान नाहीत, उंदीर म्हणावं तर शेपूट नाही. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, म्हणून नाव बर्फी. मादी. वय दीड वर्ष.

परवा पिंजऱ्यातला पेपर बदलताना लघवीचा डाग विटकरी दिसला. बत्तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. लाल लघवी दिसली की माझ्याच्याने गप्प बसवत नाही. तेजूने विचारलं, "आजोबा, बर्फी मरणार का?" मी म्हटलं, "तुझा आजोबा असताना? माझा शब्द." आता शब्द देऊन बसलोय. आजपासून नोंदवही सुरू. बर्फी अशक्त वाटते. आपल्या चंद्री म्हशीच्या खुराकातला कॅल्शियमचा पुडा येताना सवयीने पिशवीत टाकला होता, त्यातलं चिमूटभर तिच्या पाल्यावर टाकतो. चंद्रीचे दिवस भरत आलेत. तीही दिवसातून किती वेळा लघवी करते आणि रंग कसा, ते कळव. (जागा संपली, म्हणून कडेला लिहिलंय. कार्ड आडवं धरून वाच.)

कोंडिबा


बोरजाई, ता. कोरेगाव
१८ नोव्हेंबर १९९७

तेजूच्या आजोबांना,

पायावर डोकं ठेवते, पण उठल्यावर थोडं भांडणार आहे.

लघवीचं कुणी उघड्या कार्डावर लिहितं का? सुभाष पोस्टमन कार्ड आधी स्वतः वाचतो, मग पारावर वाचतो आणि मग आपल्या दारात आणतो, हे तुम्हाला काय आज कळलं? तुमचं मुंगीएवढं अक्षर त्याला निम्मंच लागलं. 'लाल लघवी' आणि 'मरणार का' एवढं मात्र मोठ्याने वाचलं. दुपारी जोतीरामआण्णा दारात. गावाला तुम्ही अजून डॉक्टरच. "वयनी, डाक्टरास्नी कवापास्नं हाय ह्यो तरास?" मी म्हटलं, अहो, तेजूच्या जनावराला आहे. तर म्हणतात, "बिनशेपटीचं जनावर? मानूस आपलं दुखनं आसंच दुसऱ्याच्या नावावर घालतंय." संध्याकाळी अरुणाकाकू खडीसाखर देऊन गेल्या. मी हसून हसून दमले.

यापुढे असलं काही लिहायचं तर आंतरदेशीय पत्रात, नीट चिकटवून. घरात बाईमाणूस आहे, तिच्या लाजेचा तरी विचार करा.

म्हशीचा पुडा तुम्ही नेलात होय! मी आख्खा गोठा उलथापालथा केला. त्या बर्फीला कॅल्शियम कशाला? ती काय डेअरीला दूध घालणार आहे? तिला हुलग्याचं कढण द्या. दोन मुठी हुलगे रात्री भिजत घालायचे, सकाळी चार तांबे पाण्यात उकळून एक तांब्या उरेपर्यंत आटवायचं, मीठ घालायचं नाही, अनशापोटी घ्यायचं. तिसऱ्या दिवशी कळ कमी होते. चंद्री बरी आहे. तिची लघवी मी मोजलेली नाही आणि मोजणारही नाही.

शालन


बोनकोडे गाव
२६ नोव्हेंबर १९९७

सौ. शालन,

हे घे, आंतरदेशीय. थुंकी लावून नव्हे, भाताच्या शिताने चिकटवलंय.

तू हसलीस, पण इथे एक शोध लागलाय. पेपरवर शाईमुळे रंग कळत नाही, म्हणून माझं जुनं धोतर फाडून त्याची पांढरी फडकी केली आणि बर्फीला त्यावर बसवलं. लघवी झाली तेव्हा ती पिवळी होती, जरा गढूळ. फडकं बाजूला ठेवून बघत बसलो. तासाभराने डाग विटकरी! म्हणजे ते रक्त नव्हतं, वारा लागून रंग बदलतो. आमच्या डॉक्टरसाहेबांनी हे बघितलं असतं तर पाठ थोपटली असती. तेजूने थोपटली.

पण फडकं वाळल्यावर डागावर पांढरी भुकटी राहते. बोटाने चोळली तर चुन्यासारखी खरखरते. आणि लघवी करताना बर्फी पाठ वर काढते, पुढचे पाय रोवते आणि बारीक 'क्वीऽक' करते. ते ऐकून तेजू कानावर हात ठेवते. पहिल्या दिवशी वजन ८२० ग्रॅम होतं, काल ७९०. खाली किराणा दुकानात तराजू आहे, दुकानदार आधी वैतागायचा, आता मी दिसलो की स्वतःच बटाटे उतरवून पारडं रिकामं करतो. अशक्तपणा वाढलाय म्हणून कॅल्शियम चिमटीच्या दोन चिमटी केल्या. शिवाय धनाजी मार्केटातून रोज पालकाची जुडी आणतो, ती पूर्ण एकटी खाते. खाण्यात काही कमी नाही.

हे सगळं आम्ही चोरून करतो. सूनबाईने तेजूला आधीच बजावलंय, "हे आजारी पडलं किंवा घाण करायला लागलं तर दुसऱ्या दिवशी दुकानात परत." त्यामुळे फडकी, वही, सिरिंज, सगळं माझ्या ट्रंकेत. फक्त घरमालकीण गोजराबाईंना माहीत आहे. त्या काल जिन्यात म्हणाल्या, "आजोबा, अवरं मोठं मानूस तुमी, न् या उंदराचे मागं फडका घेऊन फिरताव?" मी म्हटलं, शब्द दिलाय.

तपासणीही करून घेतली. ताटात बसवून दीड तास पाठ थोपटली तेव्हा कुठे चार थेंब सिरिंजमध्ये आले. असं तीन दिवस केलं. पहिल्या लॅबमधल्या मुलीने विचारलं, पेशंटचं नाव? बर्फी. वय? दीड वर्ष. ती बिचारी म्हणाली, "बाळाला घेऊन या ना, आजोबा." मी म्हटलं, ते पिंजऱ्यात असतं. त्यावर त्यांनी मला बाहेरचा रस्ता दाखवला. दुसऱ्या लॅबमध्ये मी डोकं चालवलं. कसं, ते भेटीत सांगेन.

चंद्रीची लघवी मोजायला तुला काय होतं? एक दगड सरकवायचा प्रत्येक वेळी, झालं.

कोंडिबा


कोपरखैरणे
५ डिसेंबर १९९७

आई,

धनाजीचा नमस्कार. सरपंचांच्या घरी फोन केला असता, पण तिथे तू बोलणार आणि ओसरीवरचे दहाजण ऐकणार. म्हणून पत्र. वाचून घाबरू नकोस.

बाबांच्या शर्टाच्या खिशात लॅबचा रिपोर्ट सापडला. त्यांच्याच नावाचा. कोंडिबा, वय ६१, लघवी तपासणी. आम्हाला दोघांनाही काही सांगितलेलं नाही. मी तो गुपचूप आमच्या डॉक्टरांना दाखवला. ते दोनदा चष्मा पुसून म्हणाले, "लघवीत एवढे क्षार घेऊन हा माणूस चालतो कसा?" रक्तपेशीही थोड्या आहेत. ताबडतोब सोनोग्राफी करा म्हणाले.

त्यात उज्वलाला न्हाणीघराच्या मागे त्यांच्याच धोतराची फाडलेली फडकी वाळत घातलेली दिसली. डाग पडलेली. ती माझ्याजवळ येऊन रडली. म्हणाली, आपल्याला कळू नये म्हणून बिचारे स्वतःच धुतात. विचारायचं धाडस आम्हाला होत नाही. त्यांचा मान कसा राखायचा? आम्ही घरात पालक, टोमॅटो सगळं बंद केलंय आणि त्यांना बार्लीचं पाणी देतोय. तुला ते काही बोललेत का? तूच विचार. तुझ्यापासून ते लपवणार नाहीत.

धनाजी


बोनकोडे गाव
७ डिसेंबर १९९७

सौ. शालन,

तुझं पत्र नाही, तरी मी लिहितोय, कारण मला कुणाशी तरी बोलायचं आहे.

इथे काहीतरी शिजतंय. सूनबाई मला सकाळी बार्लीचं पाणी देते. दुपारी बार्लीचं पाणी देते. मी नको म्हटलं तर तिच्या डोळ्यांत पाणी येतं. धनाजी, जो लहानपणापासून माझ्याशी फक्त "हां" आणि "बरं" बोलतो, तो परवा माझ्याजवळ बसून म्हणाला, "बाबा, तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत." मी न्हाणीघरात गेलो की दोघं बाहेर उभे असतात. बाहेर आलो की दोघं एकदम म्हणतात, "झाली नीट?" ही काय माणसाला विचारायची गोष्ट आहे?

मी अंदाज बांधलाय. यांना मला गावी परत पाठवायचं आहे आणि तोंड उघडून सांगवत नाही, म्हणून एवढी गोडी. पाठवू देत. पण बर्फी बरी होईपर्यंत मी हलणार नाही. वजन ७७०. काल चार वेळा क्वीक केलं. पालक घरात येत नाही म्हणून ती रुसलीय. मी गोजराबाईंकडून खाडीकडेचं गवत आणून टाकतो. पुड्यातल्या चिमटी आता तीन केल्यात, तरी अंग धरत नाही. तेजू रोज संध्याकाळी वही बघते आणि माझ्याकडे बघते. मला रिपोर्टातलं इंग्रजी पूर्ण लागत नाही, आणि तो रिपोर्टही चार-पाच दिवसांपासून सापडत नाहीये.

कोंडिबा


बोरजाई
१० डिसेंबर १९९७

तेजूच्या आजोबांना,

मला सगळं कळलंय. धनाजीचं पत्र आलं.

पारावरची माणसं खरं बोलत होती आणि मी त्यांना हसत होते. जोतीरामआण्णांना कळलं ते मला कळलं नाही. म्हणे बर्फी! म्हणे फडकं! स्वतःचं दुखणं एका बिनशेपटीच्या उंदराच्या अंगावर घालून मला पानं भरभरून लिहीत होतात, आणि मी इथे चेष्टा करत होते. चाळीस वर्षं संसार केला, माझ्यापासून लपवायचं? दुखणं लपवण्यात कसली आलीय मर्दुमकी? लपवून खडा विरघळतो का?

चंद्रीला अरुणाकाकूंच्या हवाली केलंय. शनिवारच्या एसटीने निघते. हे पत्र पोचायच्या आधी बहुधा मीच पोचेन, तरी लिहिल्याशिवाय राहवलं नाही. सोबत पाच किलो हुलगे आणतेय. तोवर पाणी प्या, भरपूर प्या.

मला तुमच्याशिवाय कोण आहे?

शालन


बोनकोडे गाव
२३ डिसेंबर १९९७

सौ. शालन,

तू बुधवारी रागावून गेलीस, त्याला आज सहा दिवस झाले. तू बोलायची नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून मीच लिहितो.

तू त्या शनिवारी दारात उभी राहिलीस, डोक्यावर हुलग्यांची पिशवी, आणि "झोपा आधी!" म्हणालीस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी बर्फीला मांडीवर घेऊन बसलो होतो, धनाजी माझा खांदा धरून, सूनबाई बार्ली घेऊन. तेजूने मग ट्रंक उघडून वही, सिरिंज, फडकी सगळ्यांसमोर ओतली आणि म्हणाली, "आजोबांना काही नाही झालंय, रिपोर्ट बर्फीचा आहे!" तेव्हा सूनबाई जी हसायला लागली ती भिंतीला टेकून खाली बसली. धनाजीला मात्र राग आला. त्याने डॉक्टरांकडून माझ्या नावाने सोनोग्राफीची वेळ घेऊन ठेवली होती. तिथे जाऊन आता काय सांगू, म्हणतो. आणि तू हसताहसता रडलीस, तेही मी बघितलं.

आता खरी गोष्ट. सोमवारी तू सगळ्यांना पुरेल एवढं कढण केलंस. मी बघत होतो. हुलगे मुठीने मोजलेस, पाणी तांब्याने, आणि आटल्यावर भांड्यात न डोकावता नुसत्या वासावरून विस्तव बंद केलास. परवा माझ्या दुखण्यासाठी म्हणून शिकलेलं कढण इतकं सहज होत नाही. बत्तीस वर्षं मी औषधं मिसळली, हात बसायला किती दिवस लागतात ते मला कळतं. मग मला तुझं नोव्हेंबरातलं पत्र आठवलं: 'तिसऱ्या दिवशी कळ कमी होते.' कुणाची कळ, शालन?

मंगळवारी सकाळी तू न्हाणीघरातून बाहेर आलीस, चौकट धरलीस, आणि तुझी पाठ वर आली. बर्फीची येते अगदी तशी. फक्त तू क्वीक केलं नाहीस.

मी गाढव, तुझ्याशी बोलायच्या आधी वहीत लिहिलं. सवयच तशी. 'शालन: सकाळी दोनदा, थांबून थांबून, चेहरा पांढरा.' आणि तू नेमकी ती वही बघितलीस. तू म्हणालीस, "मी काय तुमची म्हैस हाय?" आणि बुधवारची एसटी धरलीस. तुझं बरोबर होतं. मी म्हशीला विचारलं, उंदराला विचारलं, तुला नाही विचारलं.

दुसरं एक सांगायचं आहे, आणि ते फक्त तुलाच. परवा रविवारी आम्ही सगळे बर्फीला घेऊन वाशीला जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने पोट चाचपलं. म्हणाला, खडा नाही, पण लघवीच्या पिशवीत वाळूसारखा गाळ साठलाय. यांच्या अंगात जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटेच बाहेर पडतं. पालक बंद, गवत आणि पाणी भरपूर, आठवड्याला वजन, आणि पांढऱ्या फडक्याची युक्ती चालू ठेवा, चांगली आहे. मग त्याने विचारलं, "वरून कॅल्शियमचं काही देता का?" मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "छे."

शालन, पाऊण पुडा संपलाय.

गाडीत तेजू धनाजीला म्हणाली, "पप्पा, तुमच्या पालकामुळे झालं." त्याने बिचाऱ्याने ऐकून घेतलं. मी पुन्हा खिडकीबाहेर बघत बसलो. पुडा मी खाडीत टाकला. बर्फी दोन दिवसांत सुधारलीय, काल क्वीक फक्त एकदा. पण तेजू मला "आजोबा, तुम्ही वाचवलंत" म्हणते तेव्हा मला जेवण जात नाही.

तू कोरेगावला डॉक्टरकडे जा. मी हात जोडतो.

कोंडिबा


बोरजाई
३० डिसेंबर १९९७

तेजूच्या आजोबांना,

पाच दिवस पत्र फडताळात ठेवलं होतं. आज उत्तर देते.

हो, मला आहे. मागच्या पेरणीपासून. उजव्या कुशीत कळ येते आणि मग थेंब थेंब. अरुणाकाकूंनी हुलगे सांगितले, त्यांनाही होतं. सोसायटीच्या चेअरमनच्या बायकोलाही होतं. आम्ही बायका एकमेकींना हुलगे सांगतो, डॉक्टरला सांगत नाही. का, ते तुम्हाला सांगते, कारण तुम्ही वहीत सगळं लिहिता पण हे तुमच्या वहीत नाही. दिवसभर रानात असतो, आडोसा नसतो. उजाडायच्या आधी जायचं आणि अंधार पडल्यावर जायचं. मध्ये लागू नये म्हणून पाणीच प्यायचं नाही. तुमचा तांब्या बांधावर भरलेला असतो. माझा मी घरून नेतच नाही. चाळीस वर्षं तुम्ही माझ्या शेजारी जेवलात. मी जेवताना पाणी पीत नाही हे तुम्हाला कधी दिसलं का?

मी रागावले ते तुम्ही लिहिलंत म्हणून नाही. पहिल्यांदाच कुणीतरी बघितलं म्हणून रागावले. घरी येऊन रडले. बाईला सवय नसते.

तुमच्या पुड्याचं वाचलं. मी नोव्हेंबरातच विचारलं होतं, ती काय डेअरीला दूध घालणार आहे? पण पुरुषमाणसाला दुसऱ्याचं ऐकायची सवय नाही. पोराने तुमच्यामुळे बोल खाल्ला आणि तुम्ही खिडकीतून बाहेर बघत बसलात. शोभलं का? आणि मला म्हणे, लपवू नकोस, डॉक्टरला सांग!

तर असं करू. तुम्ही तेजूला खरं सांगा, धनाजीसमोर. तुमचं पत्र आलं की दुसऱ्या दिवशी मी कोरेगावला जाते. आधी तुम्ही. मी तुम्हाला ओळखते.

चंद्रीला रेडी झाली. दोघी बऱ्या. चंद्रीने त्या दिवशी सहा वेळा लघवी केली, स्वच्छ. दगड मोजून सांगतेय.

शालन


बोनकोडे गाव
६ जानेवारी १९९८

सौ. शालन,

सांगितलं.

काल संध्याकाळी जेवायला बसताना सांगितलं. पहिला घास घेतला असता तर जमलं नसतं, म्हणून आधीच. म्हटलं, तेजू, बर्फीला गाळ झाला तो पप्पांच्या पालकामुळे थोडा आणि माझ्या पुड्यामुळे जास्त. म्हशीचा खुराक मी पाऊण किलोच्या जिवाला घातला. डॉक्टरने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.

तेजू ताट ठेवून उठली, पिंजऱ्याजवळ जाऊन बसली. बत्तीस वर्षांत माझ्या हातून जनावरं दगावली, पण एवढं वाईट कधी वाटलं नाही. पाच मिनिटांनी ती नोंदवही घेऊन आली. म्हणाली, "लिहा. 'मी बर्फीला विचारल्याशिवाय काही देणार नाही.' पन्नास वेळा." आईची शिक्षा आहे ही, वर्गातली. मी एकतीसपर्यंत लिहिलं तेव्हा मनगट दुखायला लागलं. तेजू म्हणाली, "द्या इकडे," आणि उरलेलं तिने लिहिलं. धनाजी म्हणाला, "बाबा, एवढ्यासाठी जेवायचे थांबलात?" आणि माझ्या ताटात भाजी वाढली.

बर्फी ८१० ग्रॅम. क्वीक शून्य. फडक्यावर हात फिरवला, खरखर नाही.

मी माझं केलं. आता तुझी पाळी. तू नाही गेलीस तर मी एसटीने येऊन तुला ताटात बसवीन.

कोंडिबा


(पोस्टकार्ड)
बोरजाई
२ फेब्रुवारी १९९८

तेजूच्या आजोबांना,

शब्द दिला होता तशी गेले होते. कोरेगावच्या डॉक्टरांनी साताऱ्याला पाठवलं. सोनोग्राफीत मुतखडा निघाला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. डॉक्टरीणबाई होत्या. म्हणाल्या, पाणी प्या आणि लागलं की जा, थांबवू नका. मी म्हटलं, बाई, रानात कुठे जाऊ? तर म्हणाल्या, नवऱ्याला आडोसा बांधायला सांगा. सांगितलं. एप्रिलअखेर याल तेव्हा बांधाला चार बांबू आणि ताडपत्री. तेजूला परीक्षा झाली की बर्फीसकट आणा. घरातलं रात्रीचं जेवण झालं की मीही वहीत लिहिते.

१ फेब्रुवारी: आठ तांबे पाणी. सहा वेळा, साफ. कळ दोनदा. 
२ फेब्रुवारी: नऊ तांबे. सात वेळा. सकाळी खडा पडला. डबीत ठेवलाय, तुम्हाला दाखवायला.

विसरले म्हणून नव्हे, मुद्दाम कार्डावर लिहिलंय. सुभाषभाऊ, वाचून झालं असेल तर पारावर मोठ्याने वाचा, अक्षर मी मोठं काढलंय. आणि घरी गेल्यावर तुमच्या बायकोला विचारा, ती दिवसभरात किती तांबे पाणी पिते.

शालन